चेअरमन गेला, सेक्रेटरी खात नाही

चेअरमन मंगळवारी सकाळी गेला. झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी त्याने काकडीचे चार तुकडे खाल्ले, दोन स्वतःचे आणि दोन सेक्रेटरीचे, आणि गवतात तोंड खुपसून जो झोपला तो उठलाच नाही. असं मरण कोणालाही आवडेल. पण मागे राहणाऱ्याचं काय, हा विचार जाणारा कुठे करतो?

चेअरमन आणि सेक्रेटरी हे आमच्याकडचे दोन गिनी पिग. नावात पिग असलं तरी डुकराशी त्यांचा काही संबंध नाही. उंदराच्या गोत्रातला, सशाच्या तोंडवळ्याचा, बिनशेपटीचा, माझ्या बुटाएवढा प्राणी. नावं मुलीने ठेवली होती. जो पुढे बसतो, आधी खातो आणि काम काहीच करत नाही तो चेअरमन. जो त्याच्या मागे मागे धावतो आणि दिवसभर कुरकुरतो तो सेक्रेटरी. यात आमच्या इमारतीतल्या कोणाही पदाधिकाऱ्याचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि नंतर लेखीही दिलं. मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकायला दुसऱ्या गावी गेली. जाताना ती त्यांना आमच्याकडे ठेवून गेली की आम्हाला त्यांच्याकडे, ते अजून ठरायचं आहे.

गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत चेअरमनची व्यवस्था केली आणि मी अर्ध्या दिवसाची रजा मागायला कार्यालयात फोन लावला. मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे ते बघायचं आणि शिक्का मारायचा. आमच्या अधिकारीबाई कडक, पण मनाने चांगल्या.

"घरात मृत्यू झालाय मॅडम," मी म्हणालो.

"अरेरे! कोण गेलं?"

"घरातलाच. मुलीचा फार लाडका."

"वय काय होतं?"

"साडेपाच वर्षं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भरल्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही आठवडाभर येऊच नका," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिला. दुपारी मी कार्यालयात गेलो तेव्हा अख्खा विभाग उभा राहिला. शिपायाने माझ्यासाठी खुर्ची पुसली. एवढ्या लोकांसमोर उभ्याउभ्या "गिनी पिग होता" हे वाक्य उच्चारायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तेव्हापासून बाई माझ्याशी फक्त लेखी बोलतात.

पण हे पुढचं झालं. सकाळीच त्याहून मोठा घोळ होऊन बसला होता. आमच्या घरात फोनला आवाज येत नाही. महत्त्वाचं बोलायचं तर जिन्यात उभं राहावं लागतं. तसा मी उभा राहून मुलीला सांगत होतो, "हो गं, चेअरमन गेला. झोपेतच. त्रास काही झाला नाही. पण सेक्रेटरी खात नाहीये. कालपर्यंत चांगला खात होता, आज तोंडासमोर धरलं तरी मान फिरवतो."

एक मजला खाली नर्सबाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाई. ऐकलेली बातमी स्वतःजवळ ठेवणं हे त्यांना रुग्णाच्या हिताचं वाटत नाही. पाव तासात इमारतीला दोन गोष्टी कळल्या. एक, चेअरमन गेले. दोन, सेक्रेटरी कालपर्यंत चांगले खात होते, आज घेत नाहीत.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे औषधांचे दुकानदार. गरीब माणूस. कोणी चढ्या आवाजात खोकल्याचं औषध मागितलं तरी दचकतो. त्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागला. "वाटलं नव्हतं हो," असं एकाने तर तोंडावर म्हटलं. बिचाऱ्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही की आपण काय खाल्लं.

आणि चेअरमन! शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, पाचव्या मजल्यावर एकटे राहणारे, शर्टाच्या खिशात कायम लाल पेन ठेवणारे गृहस्थ. नर्सबाई डोळ्यांना पदर लावून वर गेल्या, बेल वाजवली, तर दार स्वतः चेअरमननी उघडलं. एका गालावर दाढीचा फेस होता. बाईंनी सवयीने चेअरमनचं मनगट धरून नाडी बघितली.

"काय झालं?" चेअरमननी विचारलं.

"चालू आहे," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

हे सगळं मला तीन दिवसांनी समजलं. त्या सकाळी माझं लक्ष सेक्रेटरीकडे होतं. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, अंगाचा गोळा करून बसला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. नऊशे ऐंशी ग्रॅम. रविवारी नऊशे पंच्याण्णव होता. माझ्या धंद्यात पंधरा ग्रॅम कमी म्हणजे दंड. इथे कोणाला दंड करणार?

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे दात बघितले, पोट चाचपलं, छातीला नळी लावली. "आजार काही नाही," ते म्हणाले. "जोडीदार गेला म्हणून बसलाय. पण यांची पोटं सतत चालू लागतात. एक दिवस रिकामी राहिली तरी आतडी बंद पडतात. तो स्वतः खाईपर्यंत ही पूड पाण्यात कालवून पिचकारीने भरवा, दर तीन तासांनी. आणि लवकरात लवकर दुसरा जोडीदार बघा. हे एकट्याने राहणारं जनावर नाही."

"किती लवकर?"

"आठवडा काढेल असं मी सांगू शकत नाही."

पिचकारीने भरवणं हा तीन माणसांचा उद्योग आहे. एकाने टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं, एकाने पिचकारी गालाच्या बाजूने सरकवायची, आणि एकाने सूचना द्यायच्या. धरायला बायको, पिचकारीला मी, सूचनांना सासूबाई. सासूबाई आमच्याकडे चार वर्षांपासून राहतात. सासरे गेले त्या महिन्यापासून. स्वभाव असा की आजवर मी त्यांच्यापुढे एकही वाद जिंकलेलो नाही, आणि बरेचसे मी सुरूही केले नव्हते.

दुपारपर्यंत सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या तबलजींनी सांगितलं, रेडिओ लावून ठेवा, माणसांच्या आवाजात जीव रमतो. रेडिओ लावला. बाजारभाव सुरू झाले तेव्हा सेक्रेटरी आणखी आक्रसला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने सांगितलं, कोंबडी ठेवा. का, ते त्याला सांगता आलं नाही. नर्सबाई घरातला आरसा घेऊन आल्या. "यात बघितलं की त्याला वाटेल दुसरा आहे," म्हणाल्या. आरसा पिंजऱ्यात ठेवला. सेक्रेटरीने एकदा बघितलं, हुंगलं, काचेला काही वास नाही हे लक्षात आल्यावर तिच्याकडे पाठ केली.

सासूबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कोणी आरसा आणून दिला नव्हता."

नर्सबाईंनी आरसा परत नेला.

बुधवारी मी बाजारातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक खोकं उघडून दाखवलं. "हा घ्या, अस्सल गिनी पिग."

मी नीट बघितलं. "याला शेपूट आहे."

"वाढत्या वयाचं आहे. गळून जातं."

"आणि हा पांढरा उंदीर आहे."

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या त्याला कुठे माहिती आहे?"

मनुष्यस्वभाव म्हणून हे बोलणं मला फार विचार करण्यासारखं वाटलं. पण विचार करायला वेळ नव्हता. वजन नऊशे चाळीसवर आलं होतं.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी जिन्यात जाऊन घेतला. तिने कुठल्याशा संगणकावरच्या मंडळात चौकशी केली होती. आमच्यापासून तीन रस्ते पलीकडे एक चष्म्याचे दुकानदार राहतात, त्यांच्याकडे एक मादी आहे, तिचीही सोबतीण महिन्यापूर्वी गेली. "बाबा, पण ते देतीलच असं नाही. तुम्ही नीट बोला त्यांच्याशी. तुमच्या त्या तपासणीवाल्या आवाजात बोलू नका."

"आणि पिल्लं झाली म्हणजे?"

"बाबा! सेक्रेटरीची नसबंदी झाली आहे. दोघांचीही झाली होती. तुम्हीच तर नेलं होतंत."

ते मी विसरलो होतो. तो प्रसंगच विसरण्यासारखा होता.

मला वाटलं, आता काय, उद्या जाऊ आणि घेऊन येऊ. पण बायको शाळेत शिकवते, त्यामुळे तिला नियम आधी आठवतात. "समितीची परवानगी लागेल," ती म्हणाली. "नवीन जनावर आणायचं तर अर्ज करावा लागतो. मागच्या वर्षीच ठराव झालाय."

अर्जाचा नमुना छापील होता. कुत्रा, मांजर, पक्षी, मासे, इतर. मी इतरवर खूण करून अर्ज पाचव्या मजल्यावर नेला. चेअरमननी दार अर्धवट उघडलं. मला काहीच माहिती नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडे असे का बघतायत ते कळेना. अर्ज घेतला आणि सकाळी दाराखालून परत आला. लाल शेरा: 'इतर म्हणजे कोण?' मी 'गिनी पिग' लिहून पुन्हा नेला. दुपारी परत. एका ठिकाणी मी 'गिनी पिग' लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी 'गिनीपिग'. लाल शेरा: 'एकच प्राणी की दोन?' तिसऱ्यांदा परत आला तेव्हा शेरा होता: 'पशुवैद्याचे प्रमाणपत्र जोडणे. आधीच्या दोन्ही प्राण्यांचे, मृत व हयात.' चाळीस वर्षांपूर्वी शुद्धलेखनात तीन चुका झाल्या म्हणून बाकावर उभा राहिलो होतो, त्यानंतर एवढा अपमान पहिलाच.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि बायको चष्मेवाल्यांकडे गेलो. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. घरात एकटाच. खोली स्वच्छ, आणि खोलीतली सगळ्यात उजेडाची जागा पिंजऱ्याला दिलेली. आत एक तपकिरी-पांढरी, रुंद, गंभीर चेहऱ्याची मादी गवत चघळत बसली होती.

"हिचं नाव आत्या," ते म्हणाले. "कोणी काही केलं तरी हिला पसंत नसतं, म्हणून."

मग त्यांनी आमची जी उलटतपासणी घेतली तशी माझी माझ्या लग्नाच्या वेळीही कोणी घेतली नव्हती. घर कितव्या मजल्यावर? दिवसा घरी कोण असतं? गवत कुठून आणता? ढोबळी मिरची देता का? हिरवी की लाल? घरात कोणी मोठ्याने बोलतं का? यावर बायकोने माझ्याकडे बघितलं. मी हळू आवाजात "नाही" म्हणालो.

"आधीचा कशाने गेला?"

"वयाने. आणि बहुतेक काकडीने," मी म्हणालो. खोटं वजन मला सांगता येत नाही.

त्यांना ते उत्तर आवडलं असावं. म्हणाले, "भेट घालून बघू. पण तुमच्या घरी नाही आणि माझ्याही घरी नाही. परक्या घरात नेलं की हे भांडतात. दोघांनाही जिचा वास माहीत नाही अशी तिसरी जागा हवी."

तिसरी जागा म्हणजे आमच्या इमारतीची तळमजल्यावरची समितीची खोली. एक लांब टेबल, बारा खुर्च्या, फायलींचं कपाट. तिथे कोणाचाच वास नाही, कारण बैठकीला कोणी येतच नाही. पण खोलीलाही अर्ज लागतो. प्रयोजन या रकान्यात मी लिहिलं, 'दोन पक्षांची प्राथमिक भेट'. अर्ज तासाभरात परत आला: 'शुक्रवारी सायं. सहा वाजता समितीची बैठक आहे. आपले दोन्ही अर्ज तेव्हाच विचारात घेऊ. प्रमाणपत्र व प्राणी सोबत आणणे.'

शुक्रवारी सकाळी वजन नऊशे पाच भरलं. पिचकारीतलं निम्मं तो बाहेर काढत होता. कार्यालयातून डॉक्टरांकडे, तिथून प्रमाणपत्र घेऊन धावत घरी. बंद पाकीट होतं. उघडून वाचायलाही फुरसत मिळाली नाही. ही माझी चूक. एरवी मी दुकानदाराचा परवाना चारदा वाचतो.

सहाला आम्ही खाली उतरलो. मी, बायको, टॉवेलमध्ये सेक्रेटरी, आणि मागून सासूबाई. "तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"भरवलाय मी त्याला," त्या म्हणाल्या. भरवलं आम्ही होतं, पण ही वेळ नव्हती.

टेबलाच्या डोक्याशी चेअरमन. त्यांच्या उजव्या हाताला सेक्रेटरी, म्हणजे औषधवाले, वहीत डोकं घालून. आणि समितीच्या सदस्या म्हणून नर्सबाई, पण त्या जागेवर नव्हत्या. तेवढ्यात त्याच धावत आत आल्या. त्यांच्या हातात फाटकावरची नोंदवही होती.

"आवारात डुक्कर आलंय!"

सेक्रेटरी पाय वर घेऊन खुर्चीवर बसले. नर्सबाईंनी वही टेबलावर आपटली. पहारेकऱ्याच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'पाच पंचावन्न. चष्मेवाले एक. डुक्कर एक. पेटीत.' आणि त्यांच्या मागोमाग, हातात वेताची पेटी घेऊन, चष्मेवाले दारात उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"माझ्या आत्याला डुक्कर म्हणाला तो," ते म्हणाले.

कोणाची आत्या, कुठली पेटी, हे समितीला समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग चेअरमननी हात पुढे केला. "प्रमाणपत्र."

मी पाकीट दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"प्रमाणित करण्यात येते की, चेअरमन, नर, वय साडेपाच वर्षे, वजन प्रमाणाबाहेर, स्वभाव आळशी, हा मंगळवारी पहाटे मृत झाला." ते थांबले. मग आवाज न बदलता पुढे वाचू लागले, कारण अर्धवट वाचन त्यांनी कधी कोणाला करू दिलं नव्हतं. "सेक्रेटरी, नर, वय पाच वर्षे, सध्या अन्न घेत नाही. दोघांचीही नसबंदी याच दवाखान्यात करण्यात आली असून दोघेही निरुपद्रवी आहेत."

सेक्रेटरींच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ते टेबलाखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

बायकोने माझा हात घट्ट धरला. नर्सबाईंच्या डोक्यात मंगळवार आणि शुक्रवार एकत्र येताना मला स्पष्ट दिसले. "अगं बाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे तो हा चेअरमन!" आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, मंगळवारी जिन्यात काय ऐकलं आणि पुढे काय काय झालं ते त्यांनी सांगितलं. नाडीसकट. मला त्या टेबलाखाली सेक्रेटरींच्या शेजारी जागा असती तर बरं झालं असतं.

"साहेब," मी म्हणालो, "नावं मुलीने ठेवली होती. ती लहान होती. कोणाचा अपमान करण्याचा..."

चेअरमननी कागद खाली ठेवला. "मी मेलो अशी बातमी मंगळवारी साडेआठला पसरली," ते म्हणाले. "साडेनऊपर्यंत माझ्या दारात दोन माणसं आली. या बाई, आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो इंजिनियर. त्याला माझी गाडी लावायची जागा हवी होती. मीच दार उघडलं म्हणून तो ओशाळला, पण अर्ज मात्र देऊन गेला."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"तुमचा चेअरमन गेला तर त्याच्या सेक्रेटरीने अन्न सोडलं." त्यांनी टेबलाखाली बघितलं. "आमच्या सेक्रेटरींनी काय केलं?"

सेक्रेटरी हळूहळू वर आले. चेहरा उतरला होता, पण या एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. "मी दुकान बंद ठेवलं होतं," ते म्हणाले. "अर्धा तास. आत बसून होतो. वर यायला धीर झाला नाही. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या समोरच होत्या."

चेअरमननी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. मग घसा साफ करून म्हणाले, "प्राण्यांची भेट सुरू करा. सहा वीस झाले."

टेबलावर जुनी चादर पसरली. चष्मेवाल्यांनी मधोमध गवत ठेवलं, त्यावर लाल ढोबळी मिरचीचे दोन तुकडे, आणि पेटी उघडली. आत्या बाहेर आली. तिने टेबल बघितलं, समिती बघितली, आणि दोन्ही नापसंत असल्याचं दाखवून गवतापाशी जाऊन बसली. बायकोने टॉवेल सोडवला. सेक्रेटरी टेबलाच्या कडेला, आमच्या सेक्रेटरींच्या वहीला चिकटून, अंग चोरून बसला.

"हा घाबरलाय," चेअरमन कुजबुजले.

"कोणी हलू नका," चष्मेवाले म्हणाले.

पाच मिनिटं गेली. आत्याने मिरचीचा पहिला तुकडा संपवला. त्या शांत खोलीत तिच्या दातांचा आवाज स्पष्ट येत होता. सेक्रेटरीचे कान हलले. तो एक पाऊल पुढे आला, थांबला, आणखी एक. तिच्या पाठीमागून जाऊन त्याने तिला हुंगलं. आत्याने वळून दात कचाकचा वाजवले. तो मागे सरला. बायको डोळे मिटून उभी होती.

आत्याने दुसरा तुकडा उचलला. आणि मग सेक्रेटरी पुढे आला, अगदी तोंडाला तोंड लागेल इतका पुढे, आणि त्याने तिच्या तोंडातून मिरचीचं दुसरं टोक पकडून ओढलं. तिने सोडलं नाही. त्यानेही सोडलं नाही. तुकडा मधून तुटला. अर्धा तुकडा तोंडात धरून तो दोन पावलं मागे पळाला आणि भराभरा, घाईघाईने, कोणीतरी आपल्याकडून काढून घेईल अशा घाईने, तो खाऊ लागला.

"खातोय," बायको म्हणाली.

"सेक्रेटरी खातायत," नर्सबाई म्हणाल्या आणि लगेच हात जोडून औषधवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही नाही हो, तुम्ही नाही."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. चेअरमननी स्वतः लिहिला, लाल पेनाने, कारण सेक्रेटरींचं पेन टेबलाखाली राहिलं होतं. अट एकच घातली, की यापुढे इमारतीतल्या कोणत्याही प्राण्यास पदाधिकाऱ्याचं नाव देताना त्या पदाधिकाऱ्याला आधी कळवावं. मग ते वाकून सेक्रेटरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "याला हात लावला तर चालेल?" त्यांनी एका बोटाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो खातच होता.

आत्या आमच्याकडे आली. चष्मेवाले आमच्या दारापर्यंत सोडायला आले आणि त्यांचा पाय निघेना. तिला डाव्या बाजूने हात लावलेला चालत नाही. पाण्याची बाटली खाली टांगायची, ती मान वर करत नाही. नखं महिन्याने कापायची, पण ती जागी असताना नाही. बायको सगळं कागदावर उतरवून घेत होती. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी रिकामी पेटी उचलली. तिचं झाकण त्यांनी दोनदा लावून बघितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार दिवस मी सेक्रेटरीला जोडीदार शोधत होतो. ज्याच्याकडून आणला त्याच्या घरी आता कोण आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"कधीही येत जा तुम्ही," मी म्हणालो. बोलताना ते मलाच पोकळ वाटलं.

"नको," ते म्हणाले. "मी येत राहिलो तर तिला वाटेल, न्यायला आलोय. इथे रुळू दे तिला."

ते जिन्याकडे वळले. सासूबाई आतून बाहेर आल्या. मला वाटलं, गवताबद्दल काही विचारायचं असेल.

"उद्या या," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ती..."

"तिचं राहू द्या. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसरा वाईट असतो. उद्या चार वाजता या. चहा असतो तेव्हा."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

शनिवारी चारला पाच कमी असताना बेल वाजली. चष्मेवाल्यांच्या हातात गवताची जुडी होती. ते पिंजऱ्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि हळूच हाक मारली. आत्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि पाठ करून सेक्रेटरीच्या वाट्याची काकडी खाऊ लागली. सेक्रेटरी तिच्या कुशीला लागून गवत चघळत होता. वजन नऊशे वीस. मी सकाळीच केलं होतं.

"विसरली की हो," चष्मेवाले म्हणाले. आवाज हसल्यासारखा होता, पण ते उठले मात्र उशिराने.

सासूबाईंनी खिडकीजवळची, चार वर्षांपूर्वी येताना सोबत आणलेली खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीवर आमच्याकडे कोणी बसत नाही. का, ते आम्ही कधी बोलत नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "साखर किती?"